दादासाहेब सरनोबतांचं दार

एक

मंगळवारी सकाळी दहा वाजता मी मारुंजीच्या शेडचं कुलूप उघडलं, आत पाऊल टाकलं आणि पाहतो तर दार गायब.

शेडचं दार जागेवर होतं. ते पत्र्याचं आहे, त्याला भंगारवालासुद्धा हात लावणार नाही. गेलं होतं ते माझं दार, नाटकातलं, चौकटीसकट अख्खं. भिंतींचे तुकडे ओळीने उभे, गंजलेल्या गजांची खिडकी उभी, कोपऱ्यात थर्मोकोलची तुळस उभी, आणि ज्याच्यावर सगळं नाटक चालतं तेवढंच नेमकं नाही. मी आधी खाली बसलो. वय झालं की माणूस आधी बसतो आणि मग ओरडतो.

मी नरहरी. अडतीस वर्षं नाटकांचे सेट करतोय. पूर्वी माझी कार्यशाळा पुण्यात पेठेत होती. तिथे आता अकरा मजले उभे राहतायत आणि मला ‘तात्पुरतं’ म्हणून बाहेर काढलं त्याला सहा वर्षं झाली. तालमीचे हॉल योगवाल्यांनी आणि झुंबावाल्यांनी धरले. म्हणून आमचा हौशी नाटकाचा ग्रुप, सगळी हिंजवडीत नोकरी करणारी मंडळी, शेवटी इथे आला, कोंडाजींच्या शेडमध्ये. शेजारी म्हैस, पलीकडे सिमेंटची पोती. पण छप्पर आहे आणि कुणी हाकलत नाही, एवढं आम्हाला पुरे होतं.

नाटक साधं आहे. दादासाहेब सरनोबत नावाचा खडूस म्हातारा फिरायला जातो, मागे सून दार लावून घेते आणि दोन अंक उघडत नाही. म्हणजे नायक म्हातारा असला तरी प्रेक्षक दोन अंक बघणार माझं दारच. बुधवारी संध्याकाळी पुण्यात स्पर्धेचा प्रयोग होता. हातात दीड दिवस.

आणि खरं सांगतो, मला स्पर्धेची फिकीर नव्हती. गेले तीन महिने आमचा दिग्दर्शक निरंजन तालमीत अधूनमधून म्हणायचा, “आजकाल सगळे मागे एलईडी स्क्रीन लावतात, काका. बटण दाबलं की घर, बटण दाबलं की जंगल.” दार नाही म्हटल्यावर तो स्क्रीन लावणार, आणि एकदा का स्क्रीन लागली की पुढे माझं काम कुणाला लागणार नाही. घरी बसून मी काय करू, भिंतीला भिंतीचा रंग देऊ?

मी बाबालालला फोन केला.

दोन

बाबालाल पौडचा. आमचा रंगभूषाकार. आधी तमाशाच्या फडावर होता, आता लग्नातल्या नवऱ्या, शाळांची गॅदरिंग आणि आम्ही. चाळीस वर्षं लोकांच्या नाकाला नाक लावून बसलेला माणूस, त्यामुळे कोण कधी खोटं बोलतंय ते त्याला आधी कळतं. कुणी खोटं बोललं की गालावरची पावडर फुटते, असं त्याचं म्हणणं.

तो मोटारसायकलवरून आला, पेटी उतरवली आणि शेडमध्ये उकिडवा बसला.

“मिस्त्री, कुलूप तोडलंय का?”

“नाही. किल्लीने उघडलंय. किल्ल्या तीन. एक माझ्याकडे, एक निरंजनकडे, एक कोंडाजींच्या घरी.”

“दाराचा टेकू कुटं हाय?”

टेकू भिंतीला तसाच होता. नाटकातलं दार स्वतःच्या पायावर उभं राहत नाही, त्याला मागून लाकडाचा तिरका टेकू आणि वाळूच्या पिशव्या लागतात. पिशव्याही होत्या. आणि फळीवर, नीट पुसून ठेवलेली, दारावरची पाटी होती: ‘दा. म. सरनोबत’. स्क्रू काढून, चारही स्क्रू शेजारी ओळीने मांडून.

“चोर मोठा टापटिपीचा दिसतोय,” मी म्हणालो.

बाबालालने जमिनीवर बोट टेकवलं. दार जिथे टेकून ठेवलं होतं तिथे हळद-कुंकू सांडलं होतं, चार अक्षता होत्या.

“ते आपल्याच मुहूर्ताचं,” मी म्हणालो. “नारळ फोडला होता ना आपण.”

“त्याला तीन महिने झालं. आनि आपलं कुंकू निरंजनरावानं पुडीतलं आणलं हुतं, गुलाबी झाक मारणारं. मी त्याला तवाच म्हणलं, ह्ये कुंकू न्हाई, ह्ये गालाला लावायचा रंग हाय.” त्याने बोट उजेडात धरलं. “ह्ये चांगलं हाय. घरातल्या करंड्यातलं. आनि ताजं हाय.”

“म्हणजे चोराने चोरीच्या आधी पूजा केली?”

“तसंच दिसतंय,” बाबालाल म्हणाला आणि विडी शोधायला लागला.

मला त्याचा राग आला. माझं दार गेलं होतं आणि हा कुंकवाची प्रत सांगत होता.

तीन

अकराच्या सुमाराला निरंजन आणि अपेक्षा आले. निरंजन ऑफिसात ‘डॉक्टरकडे जातो’ सांगून आला होता. अपेक्षा नाटकातली सून, आणि माझ्या दाराची जाहीर शत्रू. पहिल्या अंकात तिला ते धाडकन लावायचं असतं, आणि दोनदा तिचं बोट सापडलं होतं. रविवारच्या तालमीत सगळ्यांसमोर ती म्हणाली होती, “हे दार मी एक दिवस जाळणार आहे.”

“कुठे जाळलंस?” मी सरळ विचारलं.

“काका, काय बोलताय? मी काल दिवसभर ऑफिसला होते.”

“राख तरी दे.”

बाबालालने मला बाजूला केलं. “ताई, हात दाव बरं.” तिने हात पुढे केले. बोटांवर पट्टी, नखांवर निळा रंग. बाबालालने नखं न्याहाळली. “रंग कधी लावला?”

“रविवारी तालीम झाल्यावर. प्रयोगाला काढायचाच आहे, म्हणून दोन दिवस हौस करून घेतली.”

“एक टवका उडालेला न्हाई, मिस्त्री. चौकटीसकट दार उचलणाऱ्या बाईची नखं अशी राहत न्हाईत. सोडा तिला.”

मग निरंजन. तो शेडमध्ये येरझारा घालत होता आणि चोरी झालेल्या माणसापेक्षा जास्त घामाघूम झाला होता.

“असं करू, काका,” तो म्हणाला, “वाईट वाटून घेऊ नका, पण आता पर्याय म्हणून आपण स्क्रीनचा विचार...”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. घाईत उचलताना त्याने स्पीकरचं बटण दाबलं, आणि शेडभर एक आनंदी आवाज घुमला:

“निरंजन सर, तुमची एलईडी स्क्रीन उद्या किती वाजता पाठवू? चार दिवसांपूर्वी बुक केलेली?”

शेजारची म्हैससुद्धा रवंथ करायची थांबली असावी.

चार

“चार दिवसांपूर्वी,” मी म्हणालो. “आणि दार गेलं रविवारच्या तालमीनंतर. लबाडा, किल्ली तुझ्याकडे आहे.”

निरंजन खाली बघत होता. मला वाटलं तो नाही म्हणेल. पण तो म्हणाला, “स्क्रीन मी बुक केली, काका. सेटच्या मागे लावणार होतो. मग जमलं तर... सेटच्या जागी. तुम्हाला कसं सांगायचं ते कळत नव्हतं. पण दार मी नाही नेलं. शपथ.”

“कसं सांगायचं? तोंडाने सांगायचं. तीन महिने मी इथे ब्रश घेऊन बसलोय, लाकडाची एकेक शीर काढतोय. तू येऊन ‘वा काका’ म्हणत होतास.”

माझा आवाज फुटला. मला ते आवडलं नाही, पण फुटला. अपेक्षाने मला पाणी आणून दिलं. तिच्याकडे राख मागितल्याची मला लाज वाटली.

बाबालाल विडी पेटवत म्हणाला, “मिस्त्री, त्यो भित्रा हाय, चोर न्हाई.”

“तू गप्प बस.”

“बसतो, पण आधी ऐका. नाटक बुडवायचं आसंल तर नाटकवाला माणूस काय नेईल? बिजागऱ्यांच्या दोन खिळ्या. खिशात मावत्यात. सात फुटी दार दिवसाढवळ्या गावातनं कोन नेईल? बरं, दुसऱ्या ग्रुपवाल्यानं नेलं म्हणावं, तर टेकू आन् पिशव्या ठेवून जाईल का? टेकूबिगर त्ये दार उभं ऱ्हात न्हाई, ह्ये त्याला ठाऊक हाय.”

“मग?”

“मग ज्याला टेकू लागत न्हाई आसं वाटलं, त्यानं नेलं. ज्याला कुनाच्या नावाची पाटी नको हुती, त्यानं नेलं. आन् आपल्यात चौकट बसवायच्या आधी तिला हळद-कुंकू कोन लावतं?”

हळद-कुंकू लावतात ते घराच्या चौकटीला. नाटकाच्या चौकटीला कोण लावेल?

“कुनाला तरी दार पाहिजे हुतं, मिस्त्री,” बाबालाल म्हणाला. “नाटकाला न्हवं. दार म्हणून.”

बाहेर एक मजूर सिमेंट कालवत होता. बाबालालने त्याला हाक मारून विचारलं, कोंडाजी कुठे आहेत.

“सेठ तो परसों शाम से कासार आंबोली गया है,” तो म्हणाला. “दरवाजा लाने.”

“घ्या,” मी म्हणालो. “जो दार आणायला गेलाय त्याला दार कशाला चोरायला लागतंय?”

“त्याला न्हाई,” बाबालाल म्हणाला. “पन शेडाची किल्ली घरात खुंटीला आसती. आन् घरात कोन हाय?”

पाच

शेडच्या मागे कोंडाजींनी भाड्याच्या बारा खोल्या बांधल्या आहेत. आयटीतली एकटी मुलं राहतात. पूर्वी तिथे ज्वारी असायची, आता दुचाक्या असतात. आम्ही चौघे ओळीने चाललो. अकरा खोल्यांना हिरव्या रंगाची एकसारखी लोखंडी दारं होती.

बाराव्या खोलीला माझं दार होतं.

उन्हात ते पहिल्यांदाच बघत होतो. उजव्या बाजूला गाठ, तिच्याभोवती वळसा घेऊन गेलेल्या शिरा, खालच्या कडेला पावसाने काळवंडल्यासारखा केलेला पट्टा, कडीजवळ हात लागून लागून झिजलेली जागा. चौकट पक्क्या सिमेंटात बसवलेली. तोरण बांधलेलं. मी जवळ गेलो, आणि आतून कुणीतरी दारावर थापा मारल्या.

“कोणी आहे का बाहेर? प्लीज, ओपन करा ना.”

मी कडी काढली. आतून एक विशीबाविशीचा पोरगा बाहेर आला, लॅपटॉप छातीशी धरून, केस उभे. त्याचं नाव मनीष. सकाळी आठला सामान घेऊन आला, दार ओढून घेतलं, बाहेरची कडी आपोआप पडली आणि तो अडकला.

“याला आतून हँडलच नाही. फक्त एक होल आहे. मी मॅनेजरला सांगितलं की रूममध्ये अडकलोय, तर तो म्हणाला नवीन काहीतरी सांग.”

आतून मूठ असेल कशी? नाटकात आतली बाजू प्रेक्षकांना दिसत नाही. तिथे कडी उचलायला विंगेतला माणूस भोकातून दोरी ओढतो. मागे उघडं प्लायवुड होतं आणि त्यावर माझ्या अक्षरात खडूने लिहिलेलं, ‘अंक १, डावी विंग’.

“मालकांना फोन करायचास,” अपेक्षा म्हणाली.

“छत्तीस वेळा केला. अंकल उचलत नाहीत.”

तेवढ्यात कळशी घेऊन तुळजाबाई आल्या, कोंडाजींच्या मालकीण. साठीच्या, कडक, हातभर हिरव्या बांगड्या.

“काय झालं? पोरगा रडतुया का?”

“वहिनी,” मी म्हणालो, “हे दार कुठून आणलंत?”

“शेडातनं. मालकांनी सांगितलं हुतं, सागवानी दार आणून ठिवतो म्हणून. काल शेडात बघितलं तर हुतं की, म्हणलं मधीच येऊन ठिवून गेलं आसत्याल. पोरगा आज ऱ्हायला येनार, खोलीला दार न्हाई. चौकटीला हळद-कुंकू लावलं, दोन मजूर लावलं, बसवून घेतलं.”

“आणि पाटी?”

“कुन्या सरनोबताची जुनी पाटी हुती. मला वाटलं मालकानं कुनाच्या तरी मोडलेल्या घराचं उचललं. दुसऱ्याचं नाव आपल्या दाराला कशाला? काढून नीट ठिवली, नाव असतंय कुनाचं तरी.”

“ते दार नाटकाचं आहे, वहिनी. माझं आहे. प्लायवुडचं.”

तुळजाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आपणच चोर.

“मला शिकिवता का? माझ्या बापाचा लाकडाचा अड्डा हुता पौडात. सागवानात जल्म गेला माझा. ह्यो रेषा बघा. ही गाठ बघा.”

“ती गाठ मी बशीने आखली. रेषा कंगव्याने ओढल्या.”

मी दारावर टिचकी मारली. पोकळ आवाज आला. तुळजाबाईंनी कळशी खाली ठेवली आणि स्वतः टिचकी मारली. मग दुसरीकडे मारली. मग दार उघडून मागची बाजू बघितली. बराच वेळ बघितली.

“मजुरांना हलकं लागलं नाही का?” निरंजनने विचारलं.

सिमेंटवाला मागून आलाच होता. “हल्का था साहब,” तो म्हणाला. “हल्के की शिकायत कौन करता है?”

तुळजाबाई गाठीवरून बोट फिरवत होत्या. “फशिवलं मला,” त्या म्हणाल्या. रागाने नव्हे. आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. “आगं बया बया. आता मालकाला काय तोंड दावू?”

मला हसावं की रडावं कळेना. तीन महिन्यांत त्या दाराकडे इतकं नीट कुणी बघितलं नव्हतं. ज्यांच्यासाठी केलं ते बटणाचा विचार करत होते, आणि लाकडाच्या अड्ड्यावर वाढलेल्या बाईने हळद-कुंकू लावून ते घराला बसवलं होतं.

“चला, वहिनी, काढून घेतो,” मी म्हणालो. “उद्या प्रयोग आहे.”

तुळजाबाईंचं हसू थांबलं.

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “पुजून बसवलेली चौकट मी काढू देनार न्हाई.”

सहा

अर्धा तास समजूत घातली. निरंजनने घातली, अपेक्षाने घातली. बाबालाल म्हणाला, “वैनी, नाटकातबी पूजाच आसती,” पण त्यालाही पटत नव्हतं हे त्याच्या गालावरून मला दिसलं. सिमेंट फोडलं तर प्लायवुड फाटणार, हे मलाही कळत होतं. तुळजाबाई म्हणाल्या, “वर्साच्या आत चौकट हालली की घराला सुख न्हाई.” मनीष मध्येच म्हणाला की त्याला फक्त हँडल मिळालं तरी चालेल.

निरंजन हळूच फोन काढत होता. मी ते बघितलं. त्याच्याकडे आता कारण होतं आणि मला काही बोलायला जागा नव्हती. अडतीस वर्षांचं काम एका फोनवर संपणार होतं, आणि तेही माझं काम जास्त चांगलं झालं म्हणून.

तेवढ्यात टेम्पोचा हॉर्न वाजला. कोंडाजी आले. मागे चार माणसं आणि दोरांनी बांधलेलं एक दार, चौकटीसकट. कासार आंबोलीला कुणाचा तरी बंगला पाडून नवा बांधतायत, तिथलं अस्सल जुनं सागवान.

“फोन का न्हाई उचलला?” तुळजाबाई कडाडल्या.

“पिशवीत हुता. पिशवी टेम्पोत हुती,” कोंडाजी म्हणाले आणि बाराव्या खोलीकडे बघून थबकले. “आं? ह्ये सागवान कुटनं आलं?”

तुळजाबाईंनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांनीच गप्प राहा म्हणाल्या. नवराही फसला, याचं समाधान त्यांना लपवता येत नव्हतं.

“ह्ये ऱ्हाऊ द्या हितंच,” त्यांनी फर्मान काढलं. “तुमी आणलेलं ह्यांच्या नाटकाला द्या. नाटक झालं की परत आणा, पुढं नवी खोली बांधू तिला बसवू. मिस्त्री, ह्याला आतनं मूठ आन् कुलूप बसवून द्या. आन् मी नाटक बघाया येनार. माझं दार हाय त्ये.”

मी निरंजनकडे बघितलं. त्याने फोन खिशात ठेवला. निदान त्या घटकेपुरता.

सात

खरं दार रंगमंचावर न्यायला सहा माणसं लागली. टेकू दोन लावले, पिशव्या दुप्पट. बाबालाल अपेक्षाचा चेहरा रंगवता रंगवता दाराकडे बघून म्हणाला, “ह्याला जरा पावडर लावू का? चकाकतंय.” मी नको म्हटलं.

प्रयोग सुरू झाला. पहिल्या अंकात अपेक्षाने दोन्ही हात लावून दार ढकललं आणि ते असं बंद झालं की भिंती हलल्या. विंगेत धाडकन आवाज काढायला बसवलेल्या माणसाने सवयीने दोन फळ्याही आपटल्या. सुनेने एकदाच लावलेलं दार दोनदा वाजलं आणि प्रेक्षक टाळ्या देऊन हसले. पुढचं नाटक तरंगत गेलं. दादासाहेब सरनोबत दोन अंक बाहेर उभे राहिले. दुसऱ्या रांगेत तुळजाबाई आणि कोंडाजी बसले होते आणि शेजारी मनीष, ज्याला दादासाहेबांचं दुःख सर्वांत जास्त समजत होतं.

पडदा पडल्यावर परीक्षक आत आले. चष्मेवाले, गंभीर गृहस्थ, अभिनयाबद्दल बोलले, लेखनाबद्दल बोलले. मग सेटकडे वळले.

“नेपथ्य कुणाचं?”

मी पुढे झालो. हात पुसायला काही नव्हतं, लेंग्याला पुसले.

“फार सुंदर काम. भिंतीची ओल, गजांवरचा गंज, अगदी खरं वाटतं. एकच सूचना करतो, राग मानू नका.” त्यांनी अस्सल सागवानावर बोट ठेवलं. “दार. एवढ्या नैसर्गिक सेटमध्ये दार तेवढं बनावट वाटतं. लाकडाचा आभास साधला नाही.”

दार बघायला आत आलेल्या तुळजाबाईंनी पदर खोचला. “आवो सायेब...”

मी त्यांचा हात धरला. “राहू द्या, वहिनी.”

“आरं पन त्यो...”

“राहू द्या म्हणतो ना. म्हणू द्या त्यांना.” मी हसत होतो, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मला दोन्ही थांबवायचं नव्हतं. बाबालालने पेटीतला रुमाल काढून माझ्या हातात दिला. परीक्षकांना वाटलं म्हाताऱ्याला टीका लागली. ते घाईने म्हणाले, “पण गुण चांगले दिलेत हो.”

ते गेल्यावर निरंजन सेटच्या त्या ओल्या भिंतीजवळ उभा होता. त्याने बोटाने ओल तपासली, बोट कोरडंच राहिलं, आणि मग तो माझ्याकडे आला.

“काका, स्क्रीनवाल्याला सकाळीच ‘नको’ म्हणून सांगितलं,” तो म्हणाला. “आणि पुढच्या नाटकात समुद्र आहे.”

मी खिशातून टेप काढला.

“किती फुटांचा?”